उक्ते काम : कोठे द्यावे, कोठे देऊ नये

गुढीपाडवा जवळ आला की विदर्भात व मराठवाड्यात सालगडी ठरविण्याची बोलणी सुरू होतात. खानदेशात हाच व्यवहार अक्षय तृतीयेला होतो. वर्षाची ठराविक रक्कम, काही ठिकाणी तिच्यासोबत धान्य आणि त्या मोबदल्यात शेतावर पडेल ते काम, असे या कराराचे जुने स्वरूप आहे. आता सालगडी मिळणे कठीण झाले आहे. त्यामुळे वेचणी, खुरपणी, कांद्याची लागण, विहिरीचे खोदकाम अशी कामे उक्ती देण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढला आहे. कोठे यास गुत्ते म्हणतात, तर कोठे ठेका. मजुरी दिवसावर न देता झालेल्या कामावर द्यावयाची, हे तत्त्व सर्वत्र एकच.

उक्त्याने काम लवकर उरकते, हे खरे. मजुरास हाताच्या चलाखीचा मोबदला मिळतो आणि मालकास दिवसभर बांधावर उभे राहावे लागत नाही. परंतु ज्या गोष्टीचे माप घेतले जाते, तिच्याकडेच मजुराचे लक्ष राहते. ज्या गोष्टीचे माप नाही, ती मागे पडते. हा दोष मजुराच्या स्वभावाचा नसून ठरावाचा आहे. म्हणून काम उक्ते देण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतःस एक प्रश्न विचारावा : काम पुरे झाल्यावर त्याचा बरेवाईटपणा डोळ्यांनी पाहता येईल काय?

विहिरीच्या खोदकामात तो पाहता येतो. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, या मापाने खड्डा मोजता येतो आणि मुरूम व खडक यांचे दर निरनिराळे ठरविता येतात. खुरपणीचे तसे नाही. एकराच्या भावाने दिलेल्या खुरपणीत हरळी व लव्हाळा वरवर छाटला जातो, गाठी जमिनीत तशाच राहतात. त्या दिवशी रान स्वच्छ दिसते. पुढे थोड्याच दिवसांत ते पुन्हा हिरवे होते, आणि तोवर मजुरी देऊन झालेली असते. ज्या रानात अशी चिवट तणे आहेत, तेथे खुरपणी रोजंदारीनेच करून घेणे हितावह आहे.

कापसाच्या वेचणीत मजुरी किलोवर देण्याची पद्धत रूढ आहे व ती योग्यही आहे. मात्र तिच्यात दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. दवाने भिजलेला कापूस जड भरतो, म्हणून पहाटेच वेचणीस लागण्याचा मोह होतो. ओला कापूस साठविला की पिवळा पडतो आणि त्याची प्रत उतरते. घाईमुळे पालापाचोळा व किडकी कवडीही त्याच ओटीत जाते. यासाठी दव सुकल्यावरच वेचणी सुरू करावी, स्वच्छ कापूस व कवडी यांसाठी वेगळ्या पिशव्या द्याव्यात आणि कवडी वेगळी वेचण्याबद्दल काही जादा दर ठेवावा. नुसत्या ताकिदीने ती वेगळी होत नाही.

दुसरी चूक दराची. समजा, गावात दिवसाची मजुरी ४०० रुपये आहे आणि भर वेचणीत साधारण बाई दिवसाला ४० किलो कापूस वेचते. तेव्हा किलोस १० रुपये हा दर बरोबर ठरतो. शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ असतात. तीच बाई तितकेच कष्ट करून २० किलो वेचते. दर १० रुपयेच ठेवला तर तिच्या हाती २०० रुपये पडतात. मग मजूर येत नाहीत, किंवा येतात ते वजन भरून काढण्यासाठी अर्धवट उमललेली बोंडेही ओरबाडतात. येथे दर २० रुपये करणे हा उदारपणा नसून तो हिशेब आहे. प्रत्येक वेचणीच्या पहिल्या दिवशी दोन-तीन साधारण वेगाच्या मजुरांचे वजन पाहावे आणि त्यावरून दर ठरवावा. सर्वांत चपळ मजुरावरून ठरवू नये. वजन मजुरांच्या डोळ्यांदेखत करावे. रिकाम्या पोत्याचे वजन एकदा काट्यावर घ्यावे व तेवढेच वजा करावे. अंदाजाने कापू नये. उक्त्या कामावरील मजुरासही दिवसाच्या किमान वेतनाहून कमी देता येत नाही. हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे.

औषध फवारणीचे काम मात्र उक्ते देऊच नये. अनेक गावांत ते पंपाच्या भावाने दिले जाते. जितके पंप अधिक तितके पैसे अधिक, म्हणून मजूर भर उन्हात थांबत नाही, तोंडावरील फडके गुदमरते म्हणून काढून टाकतो आणि वारा उलट असला तरी फवारा चालूच ठेवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. तथापि, घाईला बक्षीस देणारी मजुरी अशा कामात धोकाच वाढविते. फवारणीस रोजाने माणूस लावावा, वेळ थोडा ठेवावा आणि हातमोजे, मुखपट्टी व अंग धुण्यास साबण-पाणी मालकाने पुरवावे. जनावरांची निगा व पिकास पाणी देणे हीही कामे कायमच्या गड्याकडेच असावीत. तहानलेल्या बैलाचे माप कोणत्याही ठरावात बसत नाही.

ऊसतोडीत दर टनावर असतो आणि मुकादमाचे कमिशन तोडणीच्या मजुरीवर. दोघांचेही लक्ष वजनाकडे असल्याने ऊस जमिनीलगत न तोडता बुडखे राहण्याची शक्यता असते. उसाच्या बुडाकडील भागात साखर अधिक असते आणि उंच बुडख्यांमुळे खोडव्याची फूटही बिघडते. म्हणून पहिल्या काही सऱ्या तुटत असतानाच शेतकऱ्याने फडात जाऊन तोड पाहावी.

तोडणीसाठी कोयत्यामागे, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ उचल दिली जाते. आता इतर उक्त्या कामांतही उचल मागितली जाते. ती देण्यास हरकत नाही. मात्र उचल फिटेपर्यंत मजुरास अडवून ठेवणे हा वेठबिगार पद्धत नष्ट करणाऱ्या १९७६ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. उचलीची रक्कम, कामाचा दर आणि प्रत्येक आठवड्यास वळती झालेली रक्कम लिहून ठेवावी. वहीवर दोघांची सही किंवा अंगठा घ्यावा आणि तिची एक प्रत मजुराजवळ द्यावी. ज्यास वाचता येत नाही, त्यास गावपातळीवरील कार्यकर्त्याने ती चारचौघांत वाचून दाखवावी.