मिसिसिपीकांठचे गरुड

गरुड म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें देव्हाऱ्यांतील घंटेवरचा, हात जोडलेला विष्णुवाहन उभा राहतो. अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ पासून बसलेला गरुड मात्र हाडामांसाचा आहे, आणि तो पाहण्यास राजधानींत जावें लागत नाहीं. आयोवा संस्थानांत मिसिसिपीच्या कांठीं ल क्लेअर नांवाचें लहानसें गांव आहे. त्याच्या खालच्या अंगास नदीवर चौदाव्या क्रमांकाचा बंधारा आहे. या कांठाला आम्ही चारहि ऋतूंत जात असतों.

खरी गर्दी हिवाळ्यांतली. पौष-माघांत नदी गोठून पांढरी पडते. पण बंधाऱ्याच्या दारांतून उसळून पडणारें पाणी गोठत नाहीं. थंडीनें व आपटण्यानें अर्धमेले झालेले शॅड जातीचे मासे तेथें वर तरंगतात, आणि उत्तरेकडील सरोवरें गोठल्यामुळें खालीं आलेले गरुड कॉटनवुडच्या निष्पर्ण झाडांवर ओळीनें बसलेले दिसतात. पंख पसरले म्हणजे सहा-सात फूट. मादी नराहून मोठी. नांवांतील 'बाल्ड' या शब्दाचा टकलाशीं संबंध नाहीं. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ पांढरा असा होता. तेव्हां यास श्वेतशिर गरुड म्हणणें बरें.

आवाज ऐकून मात्र निराशा होते. एवढ्या धिप्पाड पक्ष्याचा स्वर बारीक व चिरका. म्हणून बोलपटांत गरुड दाखवितात तेव्हां बहुधा तांबड्या शेपटीच्या दुसऱ्याच एका शिकारी पक्ष्याची किंकाळी त्याच्या तोंडीं घालतात! स्वभावहि राजाला शोभेलसा नाहीं. ऑस्प्रे नांवाच्या पक्ष्यानें कष्टानें धरलेला मासा हा हवेंतच लुबाडतो, आणि मेलेलें जनावरहि वर्ज्य मानीत नाहीं. बेंजामिन फ्रँकलिननें १७८४ सालीं मुलीस लिहिलेल्या पत्रांत याच चोरीवरून त्याची निंदा केली आहे. आम्हांस ती थोडी अन्यायाची वाटते. कडाक्याच्या थंडींत पोट भरणाऱ्यास नीतिशास्त्र कोणीं शिकवावें?

फाल्गुनाच्या सुमारास बर्फ फुटतो, पाहुणे उत्तरेस निघतात व येथलीं जोडपीं मागें राहतात. घरटें बहुधा जुनेंच, त्यावर दरवर्षीं नव्या काटक्यांचा थर. फ्लॉरिडांतील एक घरटें असें वाढतां वाढतां साडेनऊ फूट रुंद व वीस फूट खोल झालें होतें. अंडीं बहुधा दोन. सुमारें पस्तीस दिवस नरमादी तीं आळीपाळीनें उबवितात. उन्हाळ्यांत पानें दाट झालीं कीं घरटें दिसेनासें होतें आणि आमचें पाहणें कान लावून ऐकण्यावर येतें. पुढें पिलें उडूं लागतात. अंगानें आईबापांएवढीं, पण सर्वांगीं तपकिरी. डोकें पांढरें होण्यास पांचएक वर्षें लागतात. नवख्या मंडळीस ती निराळीच जात वाटते. आम्हांस मात्र पांढऱ्या डोक्यांपेक्षां हीं तपकिरी पिलेंच मोजण्याची अधिक ओढ, आणि त्यास कारण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पिकांवर व डांसांवर डी.डी.टी. फवारली जाऊं लागली. ती नदींत गेली, नदींतून माशांत, माशांतून गरुडाच्या अंगांत. अंड्याचें कवच इतकें पातळ होऊं लागलें कीं उबविणाऱ्या आईच्याच भारानें तें फुटे. घरट्यांत आईबाप बसलेले, आणि पिलूं नाहीं! १९६३ मध्यें अलास्का वगळतां साऱ्या देशांत नोंदलेलीं जोडपीं अवघीं ४१७. आयोवांत तर १९७७ पूर्वीं कित्येक वर्षें एकहि घरटें नव्हतें. १९७२ सालीं डी.डी.टी.वर बंदी आली. २००७ सालीं हा पक्षी धोक्यांतील प्राण्यांच्या यादींतून निघाला. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सरकारी अंदाजांत जोडप्यांची संख्या ७१,४०० आहे. आपल्याकडील गिधाडांवर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधानें असाच प्रसंग आणला. गुरांसाठीं त्यावर २००६ मध्यें बंदी झाली, परंतु तिकडचें आकाश अजून पूर्वींसारखें भरलेलें नाहीं.

पानगळीनंतर हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो. शिकारी रानांतच टाकून जातात तीं आंतडीं गरुड खातो, आणि त्यांबरोबर शिशाच्या गोळीचे कणहि. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत सुमारें निम्म्या गरुडांच्या शरीरांत शिसें दीर्घकाळ सांचत आल्याचें आढळलें. तांब्याची गोळी वापरली तर हें टळतें. कांहीं शिकारी ती वापरूं लागले आहेत, पुष्कळांस ती महाग वाटते. डिसेंबरांत उत्तरेकडून बर्फ व त्यामागोमाग पाहुणे येतात, तेव्हां तीं आंतडीं रानांत पडलेलींच असतात.