निजलेल्या देहाची हजेरी

मणक्याच्या अथवा कटिभागाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया ठरली म्हणजे घरची मंडळी डॉक्टरांस एकच प्रश्न विचारतात, 'गाठ निघेल ना?' प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न संकोचामुळें ओठांतच राहतो. रोगी पुढें चालेल काय, आणि मलमूत्रावर त्याचा ताबा राहील काय?

कण्याच्या तळाशीं त्रिकास्थि नांवाचें हाड आहे. त्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकीं दुसरी, तिसरी व चौथी जोडी मूत्राशय आणि गुदद्वार यांचा कारभार पाहते. दुसऱ्या जोडीचे दोन्ही तंतु व तिसरीपैकीं निदान एक वांचला, तर ताबा बहुधा टिकतो. कॉर्डोमा नांवाची गाठ पुष्कळदां याच हाडांत उद्भवते, आणि ती शक्यतों न फोडतां, अखंड काढावी लागते.

आतां, भूल दिलेला मनुष्य 'माझा पाय बधिर होत आहे' असें कसें सांगणार? फ्रान्समधील स्टॅग्नारा व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं एक युक्ति प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या मध्येंच भूल हलकी करून रोग्यास आधीं हात व मग पाय हलवावयास सांगावयाचें. हात हलले आणि पाय हलले नाहींत, कीं घात झाला असें समजावें. परंतु ही परीक्षा त्या एका क्षणापुरतीच.

पुढें विजेचें साह्य मिळालें. घोट्याजवळच्या तंतूस सूक्ष्म झटके देऊन त्यांची पोंच डोक्याच्या त्वचेवर टिपतात. हा संवेदनेचा मार्ग. मात्र तो शाबूत असतांहि चलनाचा मार्ग तुटलेला असूं शकतो. एकानें दुसऱ्याची हजेरी लावावी, तसाच हा प्रकार. उभा जन्म हजेरी घेण्यांत गेल्यामुळें आम्हांस तो चटकन समजला! १९८० सालीं मर्टन व मॉर्टन यांनीं कवटी न उघडतां डोक्यावरून वीज देऊन स्नायु हलवितां येतात, हें दाखविलें. त्यामुळें पायाच्या आणि गुदद्वाराच्या स्नायूंत बारीक सुया ठेवून त्यांचें उत्तर ऐकतां येऊं लागलें. यासाठीं स्नायु शिथिल करणारें औषध त्या वेळीं टाळावें लागतें, भूल बहुधा शिरेवाटे देतात, आणि झटक्यानें जीभ चावली जाऊं नये म्हणून दांतांत मऊ घडी ठेवतात. शिवाय, समोरचा धागा तंतु आहे कीं गाठीचा पदर, हें शस्त्रवैद्य विजेची सळई टेकवून पाहूं शकतो.

उत्तर क्षीण झालें, कीं यंत्रापाशीं बसलेला तज्ज्ञ सांगतो. हात थांबतात, ताण सैल करितात, रक्तदाब वाढवितात, तारा निसटल्या काय तेंहि पाहतात. कित्येकदां उत्तर परत येतें.

पण तंतु गाठीनेंच वेढला असेल तर? यंत्र तो जिवंत आहे इतकेंच सांगतें. राखावा कीं कापावा, हें सांगत नाहीं. राखावा तर रोग मागें उरण्याचें भय, कापावा तर ताबा जाण्याचें. हा निर्णय आधींच, रोग्याच्या तोंडून झाला पाहिजे. आमच्या घरांतून मात्र डॉक्टर मुलाशीं ओसरीवर बोलतात आणि वडील आंत निजलेले असतात. त्यांस उठवून बसवावें, आणि तंतु गेल्यास ठराविक वेळीं नळीनें मूत्र काढून अनेक जण आपले व्यवहार चालवितात, हेंहि त्यांच्या समक्षच विचारून घ्यावें.