बिनखटक्याचा गियर

चालत्या सायकलवरून हात मागे न्यायचा, चाचपडत एक दांडी पकडायची आणि ती फिरवून मागचं चाक चक्क सैल करायचं. मग दुसऱ्या दांडीने चेन शेजारच्या चकतीवर ढकलायची आणि पॅडल उलटं मारायचं, कारण या यंत्रात चेन उलट फिरतानाच सरकते. सैल चाक आपल्या खाचेत पुढे-मागे होऊन चेन पुन्हा ताणली गेली, की पहिली दांडी आवळायची. हे सगळं डोंगरातल्या चढावर, शेजारून प्रतिस्पर्धी पुढे निघून जात असताना. इटलीतल्या व्हिचेंझाच्या तुल्लिओ कँपान्योलो यांच्या ‘कांबिओ कोर्सा’ या रचनेत गियर असा बदलत, आणि १९४८ची तूर द फ्रान्स जिनो बार्तालीने याच रचनेवर जिंकली. सैल झालेलं चाक तिरकं होऊ नये म्हणून फ्रेमच्या खाचेत बारीक दाते कापलेले असत आणि आसावर त्यांत बसणारी दातेरी चाकं. सायकल चालवणारा धाडसी होता यात शंका नाही, पण ते दाते कापणाऱ्यानेही त्याच्या जिवाचा विचार केलेला दिसतो.

त्याआधीची गोष्ट तर आणखी अजब आहे. १९३७पर्यंत तूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राला, बंदीच होती. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गियर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटे. ते पायउतार झाल्यावरच बंदी उठली.

पुढे १९५०च्या सुमारास कँपान्योलोनेच ‘ग्रान स्पोर्त’ आणला. चार बाजूंची एक सांधेदार चौकट तारेने ओढली की तिरपी होते आणि चेनला आत-बाहेर नेते. आजचा डिरेलरही तत्त्वतः हाच. पण माझा जीव जडलाय तो डिरेलरवर नव्हे, तर त्या तारेच्या दुसऱ्या टोकाशी, सायकलच्या तिरक्या नळीवर बसलेल्या बोटभर लांबीच्या लिव्हरवर.

ती जागा बघताना आज गैरसोयीची वाटते. हँडल सोडून हात गुडघ्यांपर्यंत खाली न्यावा लागतो. पण तारेच्या दृष्टीने याहून चांगली जागा नाही. लिव्हरपासून तार जवळजवळ उघडी आणि सरळ मागे जाते, आवरणातून वळते ती फक्त शेवटी डिरेलरपाशी. वळणं कमी, घर्षण कमी, आणि लिव्हर ओढली की तिकडे लगेच हालचाल. खड्ड्यांच्या रस्त्यावर एक हात सोडणं मात्र मलाही आवडत नाही. रहदारीत तर नाहीच नाही.

लिव्हर उघडली तर आत फारसं काही सापडत नाही. नळीला जोडलेला एक खुंटा, त्यावर लिव्हर, दोन्ही बाजूंना काही वॉशर आणि वरून बोटाने फिरवता येईल असं कडीचं बोल्ट. डिरेलरमधली स्प्रिंग तारेला सतत आपल्याकडे ओढत असते. वॉशरांचं घर्षण त्या ओढीला पुरून उरेल एवढंच हवं. बोल्ट सैल पडलं तर चढावर जोर लावताच लिव्हर आपोआप सरकते आणि नको तो गियर पडतो. जास्त आवळलं तर अंगठा दुखतो. म्हणून ती कडी. चालत्या सायकलवरही थोडं आवळता येतं.

आणि इथे कुठेही खटका नाही. लिव्हर कुठे थांबवायची हे लिव्हर सांगत नाही. चेन वर चढवताना थोडं पुढे न्यायचं, चेन चढल्याचं पायाला कळलं की केसभर मागे आणायचं. खरखर ऐकू आली तर आणखी किंचित. हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला सूर मिळतो, सारंगीवर तो कानाने शोधावा लागतो. फरक नेमका तेवढाच आहे. आठवड्याभरात हाताला जागा सापडतात आणि पुढे लिव्हरकडे बघावंही लागत नाही.

एवढ्या साध्या वस्तूतही लोकांनी डोकं किती चालवलं! तार ओढताना स्प्रिंगविरुद्ध आणि घर्षणाविरुद्ध, दोन्हीकडे झगडावं लागतं. सोडताना स्प्रिंग मदतच करते. म्हणजे एका दिशेला लिव्हर जड, दुसरीकडे हलकी. फ्रान्समधल्या दिजाँच्या सिंप्लेक्सने यावर लिव्हरच्या आत वेटोळ्याची स्प्रिंग बसवली. तार ओढताना वेटोळं किंचित उलगडतं आणि अडथळा नाहीसा होतो. सोडताना ते खुंट्याला घट्ट आवळतं. दोन्हीकडे हाताला सारखाच भार लागतो. बाकी सगळी सायकल कँपान्योलोची आणि लिव्हर तेवढी सिंप्लेक्सची, असं करणारे शर्यतपटू निघाले. जपानच्या सनटूरने तेच काम बारीक दात्यांच्या रॅचेटने साधलं. तार ओढताना कानाला किरकिर येते, ती त्या रॅचेटची. जुनं ते सगळं सोनं नव्हे, हेही सांगून टाकतो. याच सिंप्लेक्सचे प्लॅस्टिकचे डिरेलर काळाबरोबर तडकतात, आणि संग्राहक ते सायकलला लावण्यापेक्षा कपाटात ठेवणं पसंत करतात.

मग खटका आला. सनटूरने १९६४मध्ये डिरेलरची चौकट तिरपी करून चेन प्रत्येक चकतीच्या जवळून नेली होती. त्या पेटंटची मुदत १९८४मध्ये संपली. त्याच सुमारास शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीने ती तिरपी चौकट आणि लिव्हरमधले ठरलेले खटके एकत्र आणले. एक खटका, एक गियर. कान देण्याची गरज संपली. १९९०मध्ये लिव्हर ब्रेकमध्येच जाऊन बसल्या आणि तिरकी नळी रिकामी झाली. शर्यतीत यांत्रिक चूक होण्याची शक्यता कमी झाली, हे खरंच आहे. शर्यतपटूने खटका का नाकारावा?

पण खटक्याला मोजावं लागतं, आणि मोजण्याचे नियम बदलत राहिले. आठ चकत्यांच्या शिमानो संचात चकत्यांचं अंतर ४.८ मिलिमीटर, नऊच्या संचात सुमारे ४.३५, दहाच्या संचात ३.९५. दहाच्या संचाला प्रत्येक खटक्यामागे तार ओढायची जेमतेम २.३ मिलिमीटर. त्यामुळे आठ गियरची लिव्हर नऊ चकत्यांवर चालत नाही. एका कंपनीची दुसरीशी जुळेलच असं नाही. चकत्या झिजल्या आणि लिव्हर मोडली, तर त्याच पिढीचा जोडीदार शोधत फिरायचं. घर्षणाच्या लिव्हरला हे सगळं माहीतच नाही. तार पुरेशी गुंडाळता आली म्हणजे झालं. पाच चकत्या असोत की दहा, शिमानो असो की आणखी कुणी. ठरवणारा हात चालवणाऱ्याचा आहे, आणि तो पिढीगणिक बदलून घ्यावा लागत नाही. या वस्तूंचं आकर्षण आठवणींपेक्षा इथे जास्त आहे, असं मला वाटतं.

कॅलिफोर्नियात वॉलनट क्रीक इथल्या रिव्हेंडेल या छोट्या सायकल कंपनीने सनटूरच्या त्या किरकिरणाऱ्या रॅचेटवरून बेतलेली ‘सिल्व्हर’ लिव्हर पुन्हा बनवून घेतली, जपानच्या दिया-कोंपेकडून. सनटूर तोवर बाजारातून उठली होती. टस्कनीतल्या गायोले इन किआंतीत तर १९९७पासून दर वर्षी ‘एरोइका’ नावाची सायकलफेरी होते, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून. पहिल्या वर्षी ९२ जण होते. सायकल १९८७ किंवा त्याआधीची हवी, ब्रेकच्या तारा हँडलवरून बाहेर दिसल्या पाहिजेत आणि गियरच्या लिव्हर तिरक्या नळीवर. तिथे चढावर लोक एकमेकांच्या डिरेलरकडे वाकून बघतात, कारण कँपान्योलोच्या १९६७च्या ‘नुओव्हो रेकॉर्ड’च्या अंगावर ‘पेटंट’ या शब्दापुढे कोरलेल्या दोन आकड्यांवरून त्या तुकड्याचं वय सांगता येतं. दुसऱ्याची सायकल आधी त्या आकड्यांसाठी पाहिली जाते, रंगासाठी नंतर.

गंमत पुढेच आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शिमानोने ‘हायपरग्लाइड’ चकत्या आणल्या. त्यांच्या बाजूवर उतार कोरलेले असतात आणि काही दाते मुद्दाम वेगळे कापलेले असतात, म्हणजे चेन धडपडत चढण्याऐवजी त्या उतारावरून सहज सरकते. हे सगळं खटक्यासाठी केलेलं. पण १९७०ची घर्षणाची लिव्हर आणि आजच्या चकत्या असा जोड लावून पाहिला, तर हात थोडा चुकला तरी चेन आपली जागा पकडते, आणि गियर तिच्या स्वतःच्या काळात बदलत त्यापेक्षा मऊ बदलतात. त्यासाठी लिव्हरमधला एक वॉशरही बदलावा लागत नाही.