स्वरयंत्रातील वायुकोष : निदान व शस्त्रकर्म

मानेवर गाठ दिसली की आपले मन प्रथम गंडमाळेकडे वा गलगंडाकडे धावते आणि कांचनार गुग्गुळाची योजना होते. परंतु गाठ खोकताना फुगत असेल, दाबल्यास ओसरत असेल आणि सोबत स्वरभेद असेल, तर वैद्यबंधूंनी लॅरिंगोसीलचे स्मरण ठेवावे.

विकार विरळा आहे. दरवर्षी पंचवीस लाख लोकांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. पन्नाशी-साठीतील पुरुषांत तो अधिक आढळतो. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लॅरे याने १८२९ मध्ये त्याचे वर्णन केले. नाव मात्र १८६७ मध्ये फिर्खोने दिले.

खऱ्या व मिथ्या स्वररज्जूंमधील खोबणीच्या पुढील टोकाशी वर जाणारी एक चिमुकली पिशवी असते. तिचा स्राव स्वररज्जूंना स्निग्धता देतो. या पिशवीत वायू भरून ती विस्तारते, हाच हा विकार. ती स्वरयंत्राच्या आतच राहिली तर आभ्यंतर. अवटू कास्थी व कंठिकास्थी यांमधील पडदा भेदून मानेत आली तर बाह्य. दोन्हीकडे असल्यास मिश्र. सुश्रुताने वातज वृद्धीला दिलेली वाताने भरलेल्या बस्तीची उपमा येथे सहज आठवते. मात्र उपमा जुळली म्हणून चिकित्साही जुळते असे नाही. वातशामक औषधाने ही पिशवी आवळत नाही.

आभ्यंतर प्रकारात मानेवर काहीच दिसत नाही. घोगरेपणा, घशात काही अडकल्याची भावना, कधी श्वासाला घरघर, एवढेच. असा रुग्ण महिनोन्‌महिने खदिरादि वटी चघळत राहतो. औषधालयचालकांनीही अशा नित्याच्या ग्राहकास हटकावे. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या स्वरभेदात दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे. पिशवीचा विस्तार व आतील वायू सी. टी. स्कॅनमध्ये स्पष्ट होतात. बाह्य गाठ दाबताना फुसफुस वा बुडबुड ऐकू येते. पण निश्चितीसाठी ती पुनःपुन्हा दाबू नये. पिशवीत पू झाल्यास श्वासमार्ग झपाट्याने अरुंद होऊ शकतो. ज्वर, गिळताना वेदना व श्वासकष्ट दिसताच रुग्णालय गाठावे; तेथे प्रतिजैविके, पूनिर्हरण, प्रसंगी श्वासनलिकाछेदन आधी, आणि पिशवीचे छेदन दाह शमल्यावर.

लहान आभ्यंतर पिशवी मुखावाटे, कार्बन डायऑक्साइड लेसरने काढता येते. बाह्य व मिश्र प्रकारांत बहुधा मानेच्या वळीत आडवा छेद घेऊन, पिशवी मुळापर्यंत सोडवून, तेथे बांधून काढतात. पडद्यातून आत शिरणारी संवेदना-नाडी जपावी लागते. ती दुखावल्यास गिळलेले पाणी श्वासमार्गात जाण्याची भीती असते.

खोबणीतील अर्बुदाने पिशवीचे मुख कोंडले जाऊनही हा विकार उद्भवतो. म्हणून शस्त्रकर्मापूर्वी तो भाग बारकाईने तपासतात आणि काढलेली पिशवी विकृतिपरीक्षणासाठी पाठवतात. तो अहवाल रुग्णाकडून मागून स्वतः वाचावा.