पाळी चुकते, सून नाही

लग्नाला दोन वर्षे झाली की वस्तीत प्रश्न सुरू होतात. "काही आहे का?" हे मुलाला कोणी विचारत नाही, सुनेलाच विचारतात. तिची पाळी दोन-दोन महिने येत नाही हे घरात कळले की मग बोलायलाच नको. दर वेळी आशा लागते, दर वेळी मोडते, आणि हळूहळू शेजारच्या नामकरण विधीचे बोलावणेही तिला येईनासे होते.

सातपूर, अंबड, नाशिक रोडच्या वस्त्यांत फिरताना आम्ही हे पुन्हा पुन्हा पाहतो. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तिथे बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली सून गुपचूप बुवाकडे नेली जाते. दैवी शक्तीने मूल होईल असे सांगून स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. असे कलम लिहावे लागले, यातच सगळे आले.

हा विषय साप्ताहिकात कशाला, असे काहींना वाटेल. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला होते हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा आम्ही लिहितो.

पाळी दर महिन्याला त्याच तारखेला यावी असे काही नाही. २१ ते ३५ दिवसांत येणारी पाळी ठीक समजावी. त्याहून लांबत असेल तर बहुधा स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. 'चौदाव्या दिवशी जवळ या' हा सल्ला इथे फसतो. बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. पुढची पाळीच कधी येणार ते ठाऊक नाही, तर उलटे मोजणार कुठून? म्हणून दिवस मोजत बसू नये. पुरुषबीज पोटात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. दर दोन-तीन दिवसांनी संबंध असला की पुरे. अंगावरचे पांढरे पाणी कच्च्या अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखे चिकट, तार धरणारे झाले की बीज सुटण्याचे दिवस जवळ आले समजावे.

आता अडचण अशी की कारखान्यात नवऱ्याचीही पाळी असते! तो रात्रपाळीहून येतो तेव्हा ती धुण्याभांड्याच्या कामाला निघालेली. महिना महिना दोघांची नीट गाठ पडत नाही आणि दोष मात्र तिच्या पोटाला.

पाळी लांबली की आधी लघवीची तपासणी करावी, दिवस गेलेले असू शकतात. ती न करता मेडिकलमधून पाळी येण्याच्या गोळ्या आणणे धोक्याचे. शिवाय गोळीने रक्त आले म्हणजे बीज सुटले असे नव्हे.

अनियमित पाळीचे एक मोठे कारण पीसीओएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या दहा ते तेरा स्त्रियांना ते असते. थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन बिघडले, अंगावर अगदीच मांस नसले तरी पाळी चुकते. गर्भपिशवीच्या टीबीनेही मूल राहत नाही. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरले, म्हणजे सत्तर किलोच्या बाईचे साडेतीन ते सात किलो, तरी पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते. बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करावी. मिश्री सोडावी. पिशवी काढा म्हणणारा भेटला तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नये. बीडच्या ऊसतोड बायांचे काय झाले ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचले.

एरवी वर्षभर वाट पाहायला हरकत नाही. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहाच महिने. पाळीच अनियमित असेल तर तेवढेही थांबू नये, लगेच दाखवावे. जाताना मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला सुना लाजतात. पाण्याचा विटाळ आपण १९२७ साली महाडला झुगारला, हा विटाळ मात्र अजून घरात आहे. निदान वहीत तरी लिहा.

आणि नवऱ्याची तपासणी पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी. मूल न होण्यात निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते. त्याची तपासणी सोपी, सुई नाही, कापाकापी नाही. फक्त आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा. तिच्या पोटाची सोनोग्राफी दोनदा होते आणि ह्याची बाटली एकदाही लॅबमध्ये जात नाही, असे होऊ नये. जिल्हा शासकीय रुग्णालयात जाताना केसपेपर दोघांच्या नावाने दोन काढावेत. रात्रपाळीचा नवरा सकाळी मोकळाच असतो.