शेंगदाण्याचं दही लागतं, खरंच!

दुधाशिवाय स्वयंपाक करते म्हटलं की पहिला प्रश्न दह्याचाच येतो. तर ऐका. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवा, सालं काढा, तीन वाट्या पाणी घालून गंधासारखे वाटा आणि फडक्यातून गाळा. चोथा थालीपिठात ढकला. दूध सतत ढवळत उकळा, तळाला पटकन लागतं. कोमट झालं की हिरव्या मिरच्यांची सात-आठ देठं टाकून रात्रभर उबेला ठेवा. देठांवरचे जिवाणूच विरजणाचं काम करतात. पहिलं दही पातळ लागतं, पण त्यातलेच दोन चमचे पुढच्या वेळी विरजण म्हणून घातले की घट्ट होतं. कढी झकास होते. नुसतं खाताना शेंगदाण्याची चव येते, खोटं कशाला बोलू!

चहात मात्र सोया दूध फाटतं. आम्लता आणि उष्णता दोन्ही त्याला सोसत नाहीत. गॅस बंद करून, दूध वेगळं गरम करून शेवटी घाला.

मटणाच्या वाटणात कोवळा फणस सुरेख मुरतो, रेषाही तशाच सुटतात. प्रथिनं मात्र नावापुरती. ती हवी असतील तर सोया वड्या. कोरड्या 100 ग्रॅममध्ये साधारण 50 ग्रॅम. मिठाच्या पाण्यात उकळून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर वास राहतो.

बी-12 साठी डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. कॅल्शियमला नाचणी, तीळ आहेतच. आणि सोलकढीत काहीच बदलायचं नाही, ती नारळाच्या दुधाचीच!