आजीचं विसरणं, फक्त वयामुळे?

धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागतं. या भागातल्या कित्येक मराठी घरांत आता आजी-आजोबाच उरलेत. मुलं-नातवंडं इंदूरला, नाहीतर पुण्याला. फोनवर आजीने एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, की आपण म्हणतो, "वय झालं." आणि विषय संपतो.

२०२३च्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे बहुतेकांना तो नाही! जुना मधुमेह आणि रक्तदाब मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, हे खरं. पण थायरॉईड किंवा बी-१२च्या कमतरतेमुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. कमी ऐकू येणंही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं. आजोबा चष्मा हौसेने लावतात, कानाचं यंत्र मात्र डबीतच!

दिवाळीला घरी जाल तेव्हा गोळ्यांचा डबा उघडून बघा. साखरेची गोळी विसरून दोनदा घेतली, तर साखर उतरून माणूस गोंधळतो. एक-दोन दिवसांत एकाएकी बरळणं सुरू झालं, तर कारण लघवीचा संसर्गही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ त्यांच्या फोनमध्ये आजच भरून ठेवा.